तिघे जमले तरी पुरे

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, शहागंजात तुम्ही कधी गेला असाल तर तिथला घड्याळाचा मनोरा तुम्ही पाहिलाच असेल. घड्याळ सर्वांना एकच वेळ सांगते. वर्ष मात्र या बाजारात एकाच रीतीने मोजले जात नाही. सुमारे १७२० साली बांधलेल्या शहागंजच्या मशिदीत हिजरी सन चालतो. तो निव्वळ चंद्राचा. त्याचे वर्ष ३५४ दिवसांच्या आसपास भरते, म्हणून रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. दुकानाच्या भिंतीवर टांगलेले पंचांग चंद्र आणि सूर्य दोघांनाही सांभाळते आणि मेळ बसावा म्हणून अधिक महिना घेते. या दोहोंच्या जोडीला शहरात एक तिसरे पंचांगही आहे. ते पाळणारी घरे थोडी. शहराच्या पश्चिमेला, खाम नदीपलीकडे छावणी आहे. तिथले ख्राइस्ट चर्च हे या पंचांगाचे एक जुने ठिकाण.

आज त्याच पंचांगाची हकीकत सांगावयाची आहे. कारण प्रश्न मोठा मजेचा आहे. माणसे मूठभर, तीही खेडोपाडी विखुरलेली, पाद्रीसाहेब महिनोन्‌महिने यावयाचे नाहीत. अशा मंडळीची उपासना आणि सणवार टिकले कसे?

प्रथम ही मंडळी आली कुठून ते पाहू. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चची परंपरा. औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे इंग्रज अधिकारी राहत. त्यांची उपासना इंग्रजीत चाले. पण मराठी मंडळी उभी राहिली ती निराळ्या वाटेने. १७९९ साली लंडनमध्ये चर्च मिशनरी सोसायटी स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकात तिने नाशिकला काम सुरू केले आणि विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ शरणपूर नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. पुढे हे काम औरंगाबादेकडे पोचले. तिथे ते अनेक वर्षे सांभाळले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी. हे गृहस्थ जन्माने पारशी. राज्य निजामाचे, दरबाराची भाषा आधी फारसी आणि पुढे उर्दू, उपदेशक पारशी, आणि उपासना मराठीत! आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात अशा गाठी पुष्कळ आहेत.

आता टिकून राहण्याचे गमक. ते एका पुस्तकात आहे. त्याचे नाव ‘साधारण प्रार्थनेचे पुस्तक’. इंग्रजीत ते प्रथम १५४९ साली निघाले, आणि १६६२ साली त्याला जे रूप आले तेच जगभर पसरले. त्याचे मराठी भाषांतरही झाले. सकाळची प्रार्थना, संध्याकाळची प्रार्थना, बाप्तिस्मा, लग्न, मूठमाती, दर रविवारची प्रार्थना आणि त्या दिवशी वाचावयाचे उतारे, सारे त्यात क्रमाने दिलेले. दीडशे स्तोत्रांचे साठ भाग पाडलेले आहेत. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक वाचला की तीस दिवसांत पूर्ण पारायण होते. आपल्याकडे पोथीचा नेम असतो ना, तसाच हा नेम.

याचा उपयोग काय, तो बघा. पाद्री नसला तरी अक्षरओळख असलेला कोणीही जाणता माणूस, बहुधा गावच्या मिशन शाळेचा मास्तर, पुस्तक उघडून प्रार्थना चालवू शके. पापक्षमेची घोषणा तेवढी तो करीत नसे, कारण तो अधिकार पाळकाचा. बाकीची उपासना अडत नसे. प्रभुभोजनाला मात्र पाळक लागे. त्याबद्दलही पुस्तकात एक नियम आहे, आणि तो वाचून मला फार समाधान वाटते. एखाद्या गावी सभासद विसाहून अधिक नसले, तरी पाळकाबरोबर चार, निदान तीन माणसे भाग घेणारी असल्याशिवाय हा विधी करू नये. नियम वाटतो मनाईचा, पण खेड्यातल्या मंडळीने तो उलटा वाचावा. तिघे जमले तरी पुरे!

पुस्तकाचा हा आधार किती दूरवर पोचला याचे एक उदाहरण नाशिकच्याच मातीतले आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना शरणपुरात शिक्षण मिळे. त्यांपैकी जेकब वेनराइट हा प्रवासी लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत होता. १८७३ साली, आज ज्याला झांबिया म्हणतात त्या देशात, लिव्हिंग्स्टन वारले. भोवती अरण्य, पाद्री कोणी नाही. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. तेव्हा प्रार्थनापुस्तकातला मूठमातीचा विधी वाचला तो या शरणपूरच्या विद्यार्थ्याने.

आता वर्षाचा फेरा पाहू. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या आरंभी, आगमनकाळ लागतो आणि नवे वर्ष उघडते. मग २५ डिसेंबरला नाताळ. हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. पण सण आपल्या घरचा झाला. करंज्या, लाडू, चकल्या, ढोलकी-टाळांवर घरोघर फिरणारी गायनाची फेरी, हे काही इंग्लंडहून आलेले नव्हे. नारायण वामन टिळकांची मराठी गीते तर पंथाचा भेद न ठेवता सगळीकडे गाइली जातात.

त्यानंतर राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. रविवार सोडून चाळीस दिवस. इंग्लंडात हे दिवस हिवाळा सरतानाचे, कणग्या रिकाम्या होत आल्याच्या वेळचे. आपल्याकडे मात्र शाळू खळ्यावर येतो तो याच सुमारास. म्हणजे तिकडे चणचणीत उपवास, इकडे भरल्या खळ्यावर. मला वाटते, आपल्याकडचा नेम जास्त कठीण!

शिक्षकबंधूंनी एक गोष्ट मुलांना जरूर दाखवावी. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, ती का? २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा घ्यावयाची आणि तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, असा ठोकळ नियम आहे. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. ही पौर्णिमा बहुतेक चैत्राची, क्वचित फाल्गुनाची. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला होती, दुसऱ्याच दिवशी उत्तम शुक्रवार आला आणि ९ एप्रिलला ईस्टर. २०२४ साली होळी झाल्यावर आठवड्याच्या आत, ३१ मार्चला ईस्टर आला. एकाच चंद्राकडे पाहून तीन पंचांगे चालतात, हे वर्गात फळ्यावर मांडून पाहा.

ईस्टरनंतर पाचव्या रविवाराच्या पाठोपाठ तीन दिवस शेतीच्या प्रार्थनेचे येतात. एप्रिलअखेर ते जूनच्या आरंभापर्यंत ते केव्हाही पडतात. आपल्याकडे ती वेळ नांगरट संपवून मृगाकडे डोळे लावण्याची. त्या पुस्तकात पावसासाठी प्रार्थना आहे, उघाडीसाठी आहे, आणि दुष्काळासाठीही आहे. इंग्लंडच्या शेतकऱ्याला उघाडीचीच गरज जास्त. मराठवाड्यात पान उलटावे लागते ते पावसाच्या प्रार्थनेचे. दख्खनने १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दुष्काळ पाहिले. त्या काळात ही पाने नुसती छापील राहिली नसतील.

सुगीचा सण मात्र १६६२च्या पुस्तकात नाही. त्याची आधुनिक चाल १८४३ साली इंग्लंडात कॉर्नवॉलमधील मॉरवेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी पाडली. आपल्याकडच्या मंडळ्यांत लोक कणसे, भोपळे, अंडी, कोंबडी असे घरचे काहीबाही आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तारीख आपापल्या पिकाप्रमाणे धरावी. तिकडची सुगी इकडे कशाला?

हे सारे ऐकून तुम्ही म्हणाल, सण तर सगळ्यांचेच असतात, यात विशेष ते काय? विशेष आहे ते असे. जुन्या गावात सणाच्या दिवशी प्रत्येकाची जागा ठरलेली असे. कोणी पुढे उभे राहावयाचे, कोणी वेशीबाहेर थांबावयाचे, कोणी काम करून वाटा मागावयाचा, हे जातीवर ठरे. महार-मांग घरातला माणूस ख्रिस्ती झाला की देवळाचे व जत्रेचे काम सुटे, आणि त्या कामावरच्या हक्काचा प्रश्न उभा राही. म्हणजे सण सोडणे हे पोटाशी येणारे होते. त्याच्या बदल्यात त्याला काय मिळाले? एक प्याला. प्रभुभोजनात सर्वांनी एकाच प्याल्यातून घ्यावयाचे.

हेही सहज झाले नाही. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडावा असे फर्मावले, तेव्हा तंजावरकडे केवढा विरोध झाला! उच्च जातींतून आलेले काही लोक मंडळी सोडून गेले. आणि प्याला एक झाला म्हणून विहीर लगेच एक झाली असेही नाही. लग्ने जुळविताना जात पुष्कळ ठिकाणी मागच्या दाराने आलीच. पण वर्षातून काही दिवस तरी, ज्याला गावाने शेवटी उभे केले त्याचे ओठ आणि दुसऱ्याचे ओठ त्याच काठाला लागत होते. पुस्तकाने वर्षातून निदान तीनदा, आणि त्यांपैकी एकदा ईस्टरला, हे भोजन घेण्याचा दंडक घातला आहे. म्हणूनच या लोकांनी हे पंचांग इतके जपले.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९३० साली हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चच्या कायदेशीर बंधनातून मोकळे झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. पुस्तक हाती धरून प्रार्थना करणारे आणि मनातल्या शब्दांनी करणारे, दोघे एका छपराखाली आले. अँग्लिकन हे वेगळे नाव तेथे मावळले. आगमनकाळ, उपवासकाळ, ईस्टर हा फेरा मात्र चालू आहे.

तेव्हा तुमच्या गावी अशी चार घरे असतील तर त्यांचा सण कोणत्या तारखेला येतो हे एकदा विचारा, आणि त्या दिवशी त्यांच्या दारी जा. मोठ्या समाजाचा सण बाजारानेच साऱ्या गावाला कळतो. थोड्यांचा सण शेजाऱ्याने विचारल्याशिवाय कळत नाही.