वीजगृहाची उष्णता जावी कोठें?

विजेचा दिवा लावतांना, तो लागावा म्हणून किती उष्णता वायां गेली असेल, हा प्रश्न आपल्यापैकीं थोड्यांच्याच मनांत येतो. इंधन कोळसा असो, तेल असो वा अणु असो. त्याच्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरविते आणि मग तिला थंड करून पुनः पाणी करावें लागतें. उष्णतेपासून काम करून घ्यावयाचें तर तिचा कांहीं अंश थंड जागीं सोडून देणें भाग आहे, हें फ्रेंच इंजिनियर सादी कार्नो यानें १८२४ सालींच दाखवून दिलें होतें. कोळशाच्या वीजगृहांत या टाकाऊ उष्णतेचा एक भाग धुराड्यावाटे हवेंत जातो. अणुवीजगृहांत मात्र सुमारें दोन तृतीयांश उष्णता टाकाऊ ठरते आणि ती बहुतेक सगळी पाण्याच्या माथीं येते. म्हणून वीजगृहें पाण्याच्या कांठीं बांधतात. परंतु पाणी जवळ आहे एवढेंच पाहून जागा निवडली तर काय होतें, याची एक हकीकत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत मायामी शहराच्या दक्षिणेस बिस्केन नांवाचा उथळ उपसागर आहे. त्याच्या तळाशीं समुद्रगवताचीं कुरणें आहेत आणि कोळंबी, खेकडे व लहान मासे त्यांच्या आश्रयानें वाढतात. या उपसागराच्या कांठीं टर्की पॉइंट येथें १९६७ व १९६८ सालीं तेलावर चालणारीं दोन यंत्रें सुरू झालीं आणि त्यांचें गरम पाणी थेट उपसागरांत पडूं लागलें. खोल समुद्रांत तें विरून गेलें असतें. येथें तें सांचून राहिलें. उन्हाळ्यांत तेथील जीव आधींच उष्णता सोसण्याच्या सीमेवर असतात. पाटाच्या मुखासमोरील गवत मरूं लागलें. त्यांत भर म्हणजे दोन मोठीं अणुयंत्रें तेथेंच उभीं राहत होतीं.

कंपनीनें तोड काढली ती अशी कीं, लांब कालवा खणून गरम पाणी दक्षिणेकडील कार्ड साउंड या दुसऱ्या उथळ पाण्यांत सोडावें. म्हणजे दुखणें बरें न करतां शेजाऱ्याकडे धाडावयाचें! १९७० सालीं मध्यवर्ती सरकारनें १८९९ च्या एका जुन्या कायद्याच्या आधारें फिर्याद केली. त्या कायद्यानें जलमार्गांत केरकचरा टाकण्यास बंदी होती. उष्णता हाही कचराच, असा सरकारचा दावा होता. तातडीचा मनाईहुकूम मिळाला नाहीं, पण १९७१ सालीं तडजोड झाली. गरम पाणी उपसागरांत न सोडतां जमिनीवरच कालव्यांतून फिरवून निववावें आणि पुनः वापरावें असें ठरलें. सुमारें ५,९०० एकरांवर एकंदर १६८ मैल लांबीचे कालवे खणले गेले.

उपसागर वांचला. कालव्यांच्या बांधांवर दुर्मिळ अमेरिकन मगरीही अंडीं घालूं लागल्या. पण कालव्यांना अस्तर नव्हतें आणि खालची जमीन सच्छिद्र चुनखडीची. पाण्याची वाफ होऊन मीठ मागें राही. तें जड, खारें पाणी जमिनींत झिरपून पश्चिमेस पसरलें. त्याच भूगर्भांत मायामी परिसराचा गोड्या पाण्याचा सांठा आहे! आगींतून फुफाट्यांत म्हणतात तें हें. २०१४ च्या उन्हाळ्यांत कालवे इतके तापले कीं, आंत घ्यावयाच्या पाण्याची उष्णतामर्यादा १०० वरून १०४ अंश फॅरनहाइट करून घ्यावी लागली. २०१८ सालीं विहिरींतून खारें पाणी उपसून खोल जमिनींत सोडण्याचें काम सुरू झालें.

येथें कोणा एकाला खलनायक ठरवून भागणार नाहीं. कालव्यांचा तोडगा काढणाऱ्यांना उपसागर वांचवावयाचा होता आणि तो त्यांनीं वांचविला. पण उष्णता नाहींशी होत नाहीं. ती पाण्यांतून, हवेंतून किंवा जमिनीवरून आपली वाट काढते आणि त्या वाटेचें मोल कोणाला तरी द्यावें लागतें. तें कोणीं द्यावयाचें, हें जागेचा नकाशा कोरा असतांनाच ठरविलें पाहिजे. यंत्रें एकदां उभीं राहिलीं, कीं प्रत्येक उपाय नव्या प्रश्नाला जन्म देतो.