लग्नाला वाडा कोणता? राजवाडा की फुलेवाडा?

भोरचा राजवाडा 1869 साली बांधला गेला. पंतसचिवांचा तो थाट आता सिनेमात दिसतो आणि लग्न ठरलं की भोर-वेल्ह्यातल्या आपल्या पोरापोरींनाही तसाच थाट हवासा वाटतो. त्याच 1869 साली जोतीराव फुल्यांचा शिवरायांवरचा पवाडा प्रसिद्ध झाला. ज्यांचे राजगड-तोरणा आपल्या वेल्ह्यात उभे आहेत, ते शिवराय जोतीरावांनी कुळवाड्यांचे राजे म्हणून मांडले. पवाडा लिहिणाऱ्याचं घर पुण्याच्या गंजपेठेत आहे. भोरहून साधारण 50 किलोमीटर. तिथेही लग्नं लागतात, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

फुलेवाडा हे लेखकाचं घर आहे. उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं. 28 नोव्हेंबर 1890 रोजी याच वाड्यात त्यांचं निधन झालं. 1868 मध्ये याच घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला होता.

1873 मध्ये ‘गुलामगिरी’ आली, 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं : सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं. भटजी नाही, दक्षिणा नाही. पुढे जोतीरावांनी मंगलाष्टकंही मराठीत रचली. त्यात वधू स्वतः बोलते, स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते द्यायची शपथ घेतो. ज्या काळात नवरीने मान वर करायची नाही, त्या काळातली ही गोष्ट!

भटशाहीला हे झोंबणारच होतं. जुन्नरकडच्या ओतूरला भटजीला न बोलावता लग्नं लावली, तर जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात दावा ठोकला. म्हणजे प्रश्न मंत्रांचा नव्हता, मिळकतीचा होता. तरीही जोतीराव-सावित्रीमाईंनी माघार घेतली नाही. 4 फेब्रुवारी 1889 रोजी दत्तक मुलगा यशवंतचं लग्नही त्यांनी याच पद्धतीने लावलं.

काही साथी विचारतील, ‘आपण बौद्ध. आपल्याला सत्यशोधक विधी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. बौद्ध पद्धतीने खुशाल लग्न करा, गावच्या विहारात करा. पण बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं, 1946 साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ ज्यांना अर्पण केला, ते जोतीरावच. आणि बाबासाहेबांचं लग्न? 15 एप्रिल 1948, दिल्लीतलं राहतं घर, डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह. देशाचा कायदामंत्री, पण वरात नाही, मांडव नाही.

म्हणून फुलेवाड्यात लग्न करायचं तर ते फोटोसाठी करू नका. सकाळी तिथे शपथ घ्यायची आणि संध्याकाळी कर्ज काढून हॉल, डीजे, मानपान, हुंडा करायचा, तर जोतीरावांचा वाडा आपण नुसता पडदा म्हणून वापरला. शपथेचे शब्द आधी दोघांनी बसून वाचा. विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवस आधी नोटीस द्या, नोंदणी करा. वाचलेला पैसा बहिणीच्या शिक्षणाला लावा.

राजवाडा भाड्याने मिळेल. फुलेवाड्याचा वारसा मात्र वागण्यातूनच मिळवावा लागतो.

जय जोती! जय भीम!