मचाणावरचा कॅमेरा

जाणत्या छायाचित्रकाराबरोबर चार-पाच दिवस अभयारण्याच्या काठी राहायचे, सकाळ-दुपार जंगलात फेऱ्या करायच्या आणि रात्री त्या दिवशीच्या चित्रांची चिरफाड ऐकायची, हा वन्यजीव छायाचित्रण शिकण्याचा प्रकार महाराष्ट्रात गेल्या दोन दशकांत इतक्या वेगाने पसरला आहे की तो सर्वस्वी नवा आहे असाच सर्वसाधारण समज दिसतो. त्याची अंगे मात्र जुनी आहेत. पाणवठ्यावरचे मचाण, पुढे चालून माग दाखवणारा स्थानिक माणूस, सरकारी परवाना आणि पानगळीनंतर रान उघडे पडते तो उन्हाळ्याचा हंगाम, या सगळ्या गोष्टी शिकारीच्या छावणीत होत्याच. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, तेव्हा छावणीची घडण फारशी बदलली नाही. बदलली ती शिकवण्याची जागा, आणि तीही एकदा नव्हे तर वारंवार. हा बदल पाहण्यासाठी ताडोबासारखे गाजलेले ठिकाण निवडण्यापेक्षा नांदेड जिल्ह्यातील भोकरसारखे, जंगलाच्या उंबरठ्यावरचे परंतु स्वतःच्या नावाचे अभयारण्य नसलेले गाव निवडणे अधिक उपयोगाचे ठरते.

नांदेडपासून सुमारे 50 किलोमीटरवरचे भोकर मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर आहे आणि याच मार्गाने पुढे हिमायतनगर, सहस्रकुंड आणि किनवटकडे जाताना काळ्या जमिनीचे शिवार मागे पडून सागाचे रान सुरू होते. तालुक्याची पूर्वेकडची शीव तेलंगणाला भिडते, आणि भोकरच्या परिसरातून वाहणारी सुधा नदी भैंस्याकडे गेल्यावर सुद्दावागू या नावाने ओळखली जाते. गावाचे नाव आणि भोकराच्या झाडाचे नाव एकच आहे, एवढे तर उघडच आहे. लोणच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या फळाचा चिकट गर पूर्वी काटक्यांना फासून लहान पाखरे धरण्यासाठीही वापरला जात असे. पाखरू कोणत्या फांदीवर, कोणत्या वेळी आणि वाऱ्याच्या कोणत्या बाजूने येऊन बसेल हे ठाऊक असल्याखेरीज असा चिक निरुपयोगी असतो, आणि हेच ज्ञान आज पक्ष्यांच्या छायाचित्रणाच्या कार्यशाळेत पहिल्या दिवशी सांगितले जाते.

1948 पर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. किनवट तर 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. सहावा निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द 1869 ते 1911) वाघाच्या शिकारीचा शौकीन म्हणून प्रसिद्ध होता, आणि त्याच्या शिकारीच्या छावण्यांची चित्रे ज्याने काढली तो लाला दीनदयाळ (1844 ते 1905) हा एकोणिसाव्या शतकातील बहुधा सर्वांत नावाजलेला भारतीय छायाचित्रकार होता. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करता करता कॅमेरा हाताळू लागलेल्या या माणसाला निजामाने ‘मुसव्विरजंग’, म्हणजे चित्रकारांमधला शूर, असा किताब दिला. त्याच्या शिकारचित्रांत तंबू, हत्ती, बंदुका, पाहुणे आणि पुढ्यात आडवा टाकलेला वाघ असे सगळे असते. जिवंत वाघ नसतो. त्याचे कारण रुचीत जितके आहे तितकेच यंत्रातही आहे. त्या काळच्या काचेच्या पट्ट्यांना, म्हणजे प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचांना, प्रकाश पुरेसा टिपायला वेळ लागत असे आणि झाडोऱ्याच्या सावलीत हलणारे जनावर त्यांच्यावर केवळ धुरकट डाग म्हणून उमटले असते. मेलेला वाघ हाच चित्रासाठी पुरेसा स्थिर वाघ होता.

त्या छावणीत खरा गुरू होता तो हाका घालणाऱ्यांचा म्होरक्या. हाका म्हणजे रानाच्या एका बाजूने आरडाओरड करीत, ढोल-डबे वाजवीत जनावराला मचाणावरच्या बंदुकीकडे हाकलत आणणे. यासाठी लागणारी माणसे आसपासच्या वस्त्यांतून आणली जात. किनवट-माहूरच्या रानात गोंड, कोलाम, आंध, परधान आणि बंजारा समाजांची जुनी वस्ती आहे. वाघ कोणत्या नाल्याने उतरतो, वानर आणि चितळ यांच्या सावधगिरीच्या हाकेत काय फरक असतो, पायाचा ठसा रात्रीचा की पहाटेचा, हे अशा वस्त्यांतल्या माणसांना माहीत असे आणि पाहुण्याला त्यांच्याकडूनच समजे. दीनदयाळच्या चित्रांत पाहुण्यांची नावे नोंदलेली असतात. हाकाऱ्यांची नोंद शक्यतो ‘शिकारी’ किंवा ‘नोकर’ एवढीच. ही उणीव पुढच्या शंभर वर्षांत पूर्ण भरून निघाली असे म्हणता येणार नाही.

पक्ष्यांचा अभ्यासही याच वाटेने गेला. 1931-32 मध्ये सालिम अली यांनी निजाम सरकारच्या मदतीने हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, आणि अशा प्रादेशिक पाहण्यांच्या त्यांच्या दीर्घ मालिकेतील ती पहिली मानली जाते. बैलगाडी, तंबू आणि सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर हलवणाऱ्या त्या मोहिमेत पक्षी ओळखण्याचे मुख्य साधन बंदूक हेच होते. पक्षी पाडायचा, कातडी भरायची, चिठ्ठी लावायची. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मुंबईतील संग्रहाचा मोठा भाग अशाच रीतीने जमलेला आहे. पुढे 1940 च्या दशकात मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फोन फ्युरर-हायमेनडॉर्फ निजाम सरकारच्या नोकरीत आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिले आणि त्यांनी हजारो छायाचित्रे घेतली. म्हणजे त्या काळी या रानात कॅमेरा होता, परंतु त्याचे तोंड माणसांकडे होते.

जिवंत वाघाकडे कॅमेरा वळला तो दूर, संयुक्त प्रांतात. तेथील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर बारीक तार ताणून ती कॅमेऱ्याला आणि प्रकाशाच्या झोताला जोडली; जनावराचा पाय तारेला लागताच त्याने स्वतःचेच चित्र काढावे, अशी ही योजना होती. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक 1927 मध्ये निघाले. तार कुठे ताणायची हे कॅमेऱ्याच्या ज्ञानावर ठरत नव्हते, मागाच्या ज्ञानावर ठरत होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत शिकवणीची जागा रानातून शहरात गेली. फिल्मच्या रोलवर छत्तीस चित्रे मावत, रोल धुऊन येईपर्यंत दिवस किंवा आठवडे जात, आणि प्रकाश चुकला होता की हात हलला होता हे रानातून परतल्यावर कधीतरी कळे. म्हणून चुकांची चर्चा होऊ शकेल अशी जागा म्हणजे अंधारखोली (फिल्म धुण्याची काळोखी खोली) आणि छायाचित्रकारांची मंडळे हीच उरली. मुंबईत छायाचित्रणाची पहिली संस्था 1854 इतक्या लवकर निघाली होती. वन्यजीव छायाचित्रणात मात्र गुरु-शिष्य परंपरा ठळकपणे दिसली ती बंगळूरात, जिथे ओ. सी. एडवर्ड्स यांच्या हाताखाली टी. एन. ए. पेरुमाळ (1932 ते 2017) तयार झाले आणि पेरुमाळांनी पुढे अनेकांना घडवले. याच काळातील एक नाव मराठी वाचकाने विसरू नये ते संडूरच्या मराठा राजघराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे यांचे. कर्नाटकाचे अर्थमंत्री राहिलेल्या या गृहस्थांची कृष्णधवल वन्यजीव छायाचित्रे ‘सनलाइट अँड शॅडोज’ या ग्रंथात आहेत, आणि रंगीत फिल्म हाताशी असतानाही काळ्या-पांढऱ्याचा आग्रह धरणारी त्यांची नजर आजच्या झगझगीत चित्रांपुढे अधिकच ताजी वाटते. भोकरसारख्या गावात या काळात छायाचित्रण म्हणजे लग्नाचे आणि ओळखपत्राचे. रान शेजारी होते, परंतु मंडळ नव्हते, लांब पल्ल्याचे भिंग परवडत नव्हते आणि चूक दाखवणारा डोळा शेकडो किलोमीटर दूर होता.

कायद्याने दरम्यान छावणीचा अर्थच पालटला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला चाप लावला आणि त्याच कायद्याच्या 28 व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाची परवानगी ज्या कारणांसाठी देता येईल त्यांत छायाचित्रणाचा स्वतंत्र उल्लेख झाला. म्हणजे परवान्यावरच्या कारणाच्या रकान्यात बंदुकीची जागा कॅमेऱ्याने कागदोपत्री घेतली. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर-अहमदनगर भागात 8,000 चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचे अभयारण्य जाहीर झाले आणि नान्नजच्या माळावर लपणात, म्हणजे पक्ष्याला माणूस दिसू नये अशा आडोशात, तासन् तास बसून राहणे हा अभ्यासकांचा आणि छायाचित्रकारांचा परिपाठ झाला. 1986 मध्ये मराठवाड्याच्या वाट्याला पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्य आणि यवतमाळ-नांदेडच्या सीमेवरचे पैनगंगा अभयारण्य आले. भोकरहून सर्वांत जवळ पडणारे ते हेच. पैनगंगेच्या पलीकडे पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर 1997 मध्ये अभयारण्य झाले.

मराठीत या काळात रान शिकवले ते मुख्यतः लेखकांनी आणि शिबिरांनी. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने पक्ष्यांची आणि झाडांची हरवू पाहणारी स्थानिक नावे पुन्हा चलनात आणली, तर किरण पुरंदरे यांनी नागझिऱ्यात दीर्घ काळ राहून आणि मुलांना रानात फिरवून निसर्गशिबिराचा एक वेगळा वस्तुपाठ घालून दिला. या शिबिरांत कॅमेरा असलाच तर गळ्यात असे, डोळ्याला क्वचितच लागे. वन विभागाचा बुद्धपौर्णिमेचा उपक्रमही याच परंपरेतला: चांदण्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची. रात्रभर गप्प बसण्याची ही सवय कोणत्याही महागड्या भिंगापेक्षा छायाचित्रकाराच्या अधिक कामी येते.

2003 च्या सुमारास अंकीय, म्हणजे फिल्मऐवजी विद्युत-संवेदकावर चित्र टिपणारे कॅमेरे मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले आणि शिकवणीची जागा पुन्हा रानात आली. चित्र काढताक्षणी पाठीमागच्या पडद्यावर दिसू लागल्याने गुरूला चूक तिथल्या तिथे दाखवता येऊ लागली. उडत्या पक्ष्यासाठी झडपेचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत का न्यायचा, काळवीट काळा असल्यामुळे कॅमेरा फसून चित्र गरजेपेक्षा उजळ का करतो, भिंगाचे छिद्र मोठे ठेवले की मागचे गवत विरघळून का जाते, हे सारे फळ्यावर सांगण्यापेक्षा जिप्सीत बसून सांगणे सोपे झाले. कार्यशाळा हा धंदा म्हणून उभा राहिला तो या एका तांत्रिक बदलाच्या पायावर. वाघाची लोकप्रियता आणि समाजमाध्यमे ही नंतरची भर होय. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ, मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील तरुण होड्या घेऊन रोहित आणि चित्रबलाक दाखवू लागले आणि पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा व उजेडाचा कोन एकाच वेळी सांभाळून होडी लावणारा नावाडी तिथला अर्धा शिक्षक ठरला. औरंगाबादचे बैजू पाटील यांच्यासारख्या छायाचित्रकाराच्या कामामुळे मराठवाड्याचे नाव या क्षेत्रात देशभर गेले.

तरीही भोकरच्या शिकाऊ छायाचित्रकाराला अंतर कापावेच लागते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन जुलैत थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह पुन्हा सुरू होऊ दिले; त्यानंतर वाहनांची संख्या, ठरलेल्या वेळा, सक्तीचा स्थानिक मार्गदर्शक आणि महिनोन्‌महिने आधीची ऑनलाइन नोंदणी यांनी जंगल अधिक शिस्तीचे झाले, आणि अधिक महागही. कार्यशाळा भरते ती ताडोबाच्या मोहर्लीला. पैनगंगेच्या काठी भरल्याचे क्वचितच ऐकू येते. याचा दोष रानाला देता येत नाही. भोकरच्या माळावर रोही (नीलगायीला इथे रोहीच म्हणतात), मोर आणि तित्तिर आहेत, रेणापूरच्या सुधा प्रकल्पाच्या पाण्यावर हिवाळ्यात बदके उतरतात. परंतु वाघ दिसण्याची हमी ज्या गावाला देता येत नाही त्या गावाकडे सहल वळत नाही, आणि शिकवणीचा बाजार वाघाच्या भोवतीच फिरतो. वास्तविक पहिल्या वर्षी शिकायचे ते रोहीवर, मोरावर आणि बांधावरच्या सरड्यावरच शिकावे. भिंग टेकवायला लागणारी थैली तांदळाने भरावी की ज्वारीने, एवढाच काय तो स्थानिक फरक.

वाघ मात्र पर्यटनाच्या नकाशाची पर्वा न करता चालतो. टिपेश्वरच्या ज्या तरुण वाघाच्या गळ्यात 2019 च्या फेब्रुवारीत रेडिओ पट्टा घातला होता, तो तेलंगणातून आणि विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारांतून, मुख्यतः रात्री, सुमारे 3,000 किलोमीटर चालून अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून गेलेल्या या वाघाचा बहुतेक प्रवास कोणत्याही छायाचित्रकाराच्या नजरेस पडला नाही. 2006 पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत आता स्वयंचलित कॅमेरे वापरले जातात, आणि ते चॅम्पियन यांच्या तारेचेच वंशज होत. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून ते वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर, गुडघ्याच्या उंचीवर बांधावे लागतात. आणि नेमकी कोणती वाट, नाल्याचे कोणते वळण, कोणत्या झाडाचे खोड, हे पैनगंगेच्या रानात आजही वनरक्षकाबरोबर पुढे चालणारा जवळच्या वस्तीतला वनमजूरच दाखवतो.