नळदुर्गचें पाणी आणि दूरचा समुद्र

नळदुर्गच्या किल्ल्यांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत बोरी नदीवर धरण बांधलें गेलें. त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. नदीला पूर आला म्हणजे धरणावरून ‘नर’ व ‘मादी’ हे दोन प्रपात कोसळतात. पाऊस रुसला कीं दोन्हीहि मुके होतात. हा पाऊस रुसतो कां? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या डॉ. सुलोचना गाडगीळ पुण्याच्या.

त्यांचा जन्म १९४४ सालचा. फर्ग्युसन महाविद्यालयांत गणिताचा अभ्यास करून त्या अमेरिकेंत हार्वर्डला गेल्या. अटलांटिक महासागरांतील गल्फ स्ट्रीम हा प्रवाह सागरतळाच्या चढउतारांमुळें कसा नागमोडी वळतो, या विषयावर १९७० सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. पुढें स्वदेशीं परतून १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत त्यांनीं मान्सूनचें संशोधन केलें.

जमीन तापते म्हणून समुद्रावरून वारे येतात व पाऊस पडतो, असें शाळेंत शिकविलें जाई. १९८० सालीं डी. आर. सिक्का यांच्यासह उपग्रहांचीं छायाचित्रें तपासून त्यांनीं दाखविलें कीं, विषुववृत्ताजवळील समुद्रावर उपजणारा मेघपट्टा कांहीं आठवड्यांच्या अंतरानें पुनःपुन्हां उत्तरेस सरकतो. १९८४ च्या निबंधांत दुसरें सूत्र आलें: समुद्राचा पृष्ठभाग सुमारें २८ अंशांपर्यंत तापल्यावांचून उंच मेघ सहसा उठत नाहींत, पण तेवढ्यानें ते उठतीलच असेंहि नाहीं.

खरी कसोटी पुढेंच होती. १९९७ सालीं पॅसिफिक महासागरांत प्रबळ एल निनो आला. दुष्काळाची धास्ती पडली. परंतु पाऊस सरासरीहून किंचित् अधिकच झाला. उलट २००२ सालीं एल निनो तितका प्रबळ नव्हता, भाकितहि सरासरी पावसाचें होतें, तरी १९ टक्के तूट आली. २००४ सालीं सुलोचनाबाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचें कारण मांडलें. विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या पश्चिम भागीं मेघ दाटले तर तें मान्सूनला अनुकूल. पूर्वेस सुमात्राकडे दाटले तर प्रतिकूल. १९९७ सालीं पहिली स्थिति होती, २००२ सालीं दुसरी. केवळ पॅसिफिककडे पाहून भाकित करतां येत नाहीं, हा त्याचा बोध. संगणकांवरील हवामानाच्या प्रतिमानांस हा मेळ साधला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

ही विद्या ग्रंथांतच राहूं नये, म्हणून भुईमुगाच्या पेरणीस योग्य वेळ कोणती, याचाहि त्यांनीं शेतकऱ्यांसह विचार केला. २४ जुलै २०२५ रोजीं त्या निवर्तल्या. चुकलेल्या भाकिताचें मोल अखेर पेरलेल्या बियाण्यानें फेडावें लागतें, हें बोरीकांठच्या कुणब्यास वेगळें सांगावयास नको.