घोडीवरची झीज

वाद्यांचा इतिहास सांगताना आपण वाजविणाऱ्याचे नाव घेतो आणि फार तर घडविणाऱ्याचे. त्यांच्यामागे आणखी एक माणूस उभा असतो, तो म्हणजे वाद्य दुरुस्त करणारा. वाद्य घडविले जाते एकदाच. दुरुस्त मात्र ते शंभर वेळा होते. पन्नास-साठ वर्षे मैफली गाजविलेल्या एखाद्या सतारीत मूळ कारागिराच्या हाताचे किती उरले आणि नंतरच्या हातांचे किती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

कोलकात्याच्या दक्षिण भागात बालीगंज स्थानकाकडून पश्चिमेस निघाले, की गरियाहाटचा चौक ओलांडून रासबिहारी अॅव्हेन्यू हा रस्ता काळीघाटच्या दिशेने जातो. गेल्या शतकात या रस्त्याने हिंदुस्थानी तंतुवाद्यांच्या इतिहासात एक स्थान मिळविले. सतारीसाठी ख्यातनाम झालेले हिरेन रॉय यांचे दुकान याच रस्त्यावर होते. विलायत खाँ आणि निखिल बॅनर्जी यांच्या हाती त्यांच्या सतारी होत्या. त्रिकोणी पार्कजवळ हेमेन सेन यांचे दुकान होते. अली अकबर खाँ, अमजद अली खाँ यांच्यासारख्या सरोदियांची वाद्ये त्यांच्या हाताखालून गेली. सेन २०१० साली वारले. अशा दुकानांत नव्या वाद्याइतकीच, किंबहुना अधिक, वर्दळ असते ती आजारी वाद्यांची.

वाद्य आजारी पडते म्हणजे काय होते? पहिले दुखणे घोडीचे. सतारीची किंवा तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. तिचा माथा रुंद असून त्याला अतिशय सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार या उतारावर टेकून कंप पावते आणि त्यातून ती रुणझुणती आस उमटते, जिला आपण जवारी म्हणतो. परंतु ज्या स्पर्शाने आवाज जन्मतो तोच स्पर्श घोडीला खातो. पोलादी तार महिनोन्महिने त्याच जागी घासत राहते आणि माथ्यावर केसाएवढा चर पडतो. मग स्वर कोंडतो किंवा चरचरू लागतो. चांगला वाजविणारा जितका अधिक रियाज करील तितकी त्याच्या वाद्याची जवारी लवकर जाते. कष्टाळू शिष्याला मिळणारी ही शिक्षा मोठी चमत्कारिक म्हणावी लागेल!

या उताराचे मर्म शास्त्रीय दृष्टीने प्रथम उलगडले तेही कोलकात्यातच. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली अर्थखात्याचे अधिकारी म्हणून तेथे आले. कचेरीच्या वेळेपूर्वी आणि नंतर बहुबाजारातील इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत ते नादावर प्रयोग करीत. सरकारी नोकराच्या फावल्या वेळाचा याहून बरा उपयोग माझ्या ऐकिवात नाही. १९१७ मध्ये नोकरी सोडून ते विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. ज्या तारकनाथ पालितांच्या देणगीवर हे अध्यासन उभे राहिले, त्यांच्याच बालीगंजमधील जागेवर विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयाचा एक भाग आहे. १९२१ साली रामन यांनी वीणा आणि तंबोरा यांवरील आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्यांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम होता. या दोन वाद्यांत ते उपस्वर स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांना आढळले. कारण घोडीच्या वक्र माथ्यात होते. तंबोऱ्यात तारेखाली सरकविलेला सुताचा दोरा हेच कार्य साधतो. कारागिराला कानशीच्या चार ओढींत जे समजत होते, ते आता शास्त्राच्या भाषेत मांडले गेले.

मात्र त्या चार ओढी सोप्या नव्हेत. तारा सैल करून बाजूला घ्यावयाच्या, माथ्यावरून कानस फिरवावयाची, बारीक कागदाने पृष्ठभाग गुळगुळीत करावयाचा, तार पुन्हा चढवून ऐकावयाचे आणि पुन्हा उतरवावयाची. मापाला पट्टी नाही. कान हीच पट्टी. शिवाय प्रत्येक दुरुस्तीत घोडीचा थोडा अंश कायमचा जातो. अखेरीस ती इतकी बसते, की बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग हे जवारीचे उत्तम साहित्य मानले जाई. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यापुढचे निर्बंध यांमुळे ते बंद झाले, आणि ते योग्यच झाले. आता हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. जुनी सतार नव्या घोडीवर बोलू लागली, की तिचा धनी क्षणभर तिच्याकडे परक्यासारखा पाहतो.

दुसरी झीज पडद्यांची. मींड घेताना तार पडद्यावर आडवी ओढली जाते, आणि विलायत खाँच्या गायकी अंगाने तर ही ओढ पाच-पाच स्वरांपर्यंत नेली. पडद्यांवर खाचा पडतात, त्या घासून पडद्याला पुन्हा गोलाई द्यावी लागते. वादनाची रीत बदलली, की वाद्याच्या जखमांच्या जागाही बदलतात. बंगालच्या हवेचा उपद्रव निराळाच. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडतात, हिवाळ्यात आकसून निसटतात. तारांना गंज चढतो, सरसाचे सांधे सुटतात, सरोदाचे कातडे सैलावते.

आता आपल्या मिरजेकडे वळू. तेथील तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सुरू झाला, असे मानतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे. इंग्रजी अंमलात तलवारींचे काम उरले नाही, तेव्हा हे कुटुंब वाद्यांकडे वळले. आणि वळले तेही, मिरजेत सांगतात त्याप्रमाणे, बिघडलेल्या वाद्यांच्या दुरुस्तीतून. मला या परंपरेत तथ्य वाटते. पोलादी पात्यावरचा किंचित उंचवटा बोटाच्या टोकाने ओळखणारा हात घोडीच्या माथ्यावर परका ठरणे कठीण. पुढे पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय लाभला, पंढरपूरच्या परिसरातील भोपळा मिळाला, आणि अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले. तंबोऱ्याच्या नादाविषयी खाँसाहेब विलक्षण चोखंदळ होते. वाद्याची दुरुस्ती ते स्वतः करीत. १९३७ साली ते निवर्तले. त्यांच्यासारखे ऐकणारे गिऱ्हाईक समोर असल्याखेरीज कारागिराचा कान तयार होत नाही.

काळजी आहे ती येथेच. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. घडविण्याच्या कसबाचा हा गौरव झाला. जवारी काढणाऱ्या हाताला मात्र कोणतेच मानांकन नाही. १९७० नंतरच्या दशकात बंगळूरला विजेचा तंबोरा तयार झाला आणि आता तो घरोघरी वाजतो. त्याला घोडी नाही, म्हणून झीजही नाही. ज्याने कधी जवारी बिघडलेली ऐकलीच नाही, त्याला ती सुधारलेली कशी ओळखू यावी? आणि गिऱ्हाईकच ओळखीनासे झाले, तर मुलाने बापाच्या शेजारी दहा वर्षे बसून हे शिकावे तरी कशासाठी?

ज्यांच्या घरी आजोबांचा तंबोरा कोपऱ्यात उभा आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की त्याला चकचकीत रोगण देण्याची घाई करू नये. प्रथम जवारी जाणणाऱ्याला तो दाखवावा. घोडी बदलावीच लागली, तर जुनी मागून घ्यावी आणि कापडात गुंडाळून वाद्यासोबतच ठेवावी. तिची उंची आणि रुंदी पुढच्या कारागिराला घेता येते.