मेणाचे नाक आणि कपाळाची कातडी

नाकावरील त्वचेचा कर्करोग काढल्यावर उरणारी मोठी जखम कपाळाच्या कातडीने झाकण्याची जी शस्त्रक्रिया आज जगभर केली जाते, तिच्या इतिहासात पुण्याजवळच्या एका कारागिराने हाताने घडवलेल्या मेणाच्या पातळ पापुद्र्याला मानाचे स्थान द्यावे लागते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकातील वृत्तान्तानुसार, इंग्रज सैन्यातील कावसजी नावाचा बैलगाडीवान 1792 च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला, तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला, आणि सुमारे वर्षभराने वीट पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

प्रथम मेणाचा पापुद्रा तुटक्या नाकावर बसवून त्याला सुबक नाकाचा आकार देत, मग तो सपाट करून कपाळावर ठेवत आणि त्याच्या कडेने रेघ ओढत. रेघेच्या आतील कातडी सोडवताना दोन भुवयांमध्ये एक अरुंद देठ न कापता राखत, कारण नव्या जागी कातडी रुजेपर्यंत तिला रक्त त्या देठातूनच मिळे. कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली की सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या कापडी पट्ट्या थरावर थर बसवीत, चार दिवसांनी त्यांच्या जागी तुपात भिजवलेले कापड येई आणि देठ साधारण पंचविसाव्या दिवशी कापला जाई.

सुश्रुतसंहितेत नाकाचे माप झाडाच्या पानाने घेण्यास सांगितले आहे आणि कातडी गालावरची आहे. पानाने लांबी-रुंदी कळते. मेण मात्र आधी उंचवट्यावर बसते, मग सपाट होते, त्यामुळे बाकदार नाकाला सपाट कपाळाची नेमकी किती कातडी लागेल, हे सुरी लावण्यापूर्वीच ठरते. मातीला आकार देण्याच्या धंद्यातील समज येथे शस्त्रक्रियेच्या कामी आली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

लंडनमध्ये शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये कपाळाच्या कातडीची ही पद्धत अवलंबिली आणि 1816 मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे ती बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे दूर क्वचितच पसरणारा पण जागच्या जागी ऊती पोखरणारा त्वचेचा कर्करोग, काढल्यानंतरही उपयोगी पडली. मेणाऐवजी आता पुष्कळदा टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चकचकीत वर्ख कापून साचा करतात. मात्र साचा शल्यविशारदाला माप देतो, रुग्णाला समज देत नाही. भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा देठ सुमारे तीन आठवडे लोंबत राहणार, हे नुसत्या शब्दांनी पटत नाही. चेहऱ्याच्या प्रतिकृतीवर तो पट्टा वळवून दाखवला, रुग्णाने तो हाताळून पाहिला, म्हणजे संमतीपत्रावरील सहीला खरा अर्थ येतो. म्हणून अशी प्रतिकृती शस्त्रक्रियेच्या तयारीचाच भाग मानली पाहिजे.

कावसजीचे चित्र जेम्स वेल्स यांनी काढले, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोघा इंग्रज वैद्यांची नावे वृत्तान्तात छापली गेली. ज्याने मेण घडवले आणि सुरी चालवली, त्याची मात्र तेथे केवळ जात नोंदलेली आहे.