आपत्तीनंतरचा आधार : छायाचित्रकार दादासाहेब फाळके

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले फाळके स्मारक पाहावयास जाणारा प्रत्येक जण दादासाहेबांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्यापूर्वीची बरीच वर्षे ते छायाचित्रकार म्हणूनही काम करीत होते. त्या वर्षांत त्यांच्या संसारावर जी आपत्ती कोसळली, तिची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे धडे घेतल्यावर ते बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली चालणाऱ्या कलाभवनात त्यांनी तैलचित्रे, छपाईचे ठसे आणि छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. प्राचार्य गज्जर यांनी त्यांचे गुण हेरून कलाभवनाची प्रयोगशाळा त्यांना वापरावयास दिली. पुढे १८९५ मध्ये स्वतंत्र व्यवसाय करावा म्हणून ते गोध्र्यास गेले व तेथे छायाचित्रकार म्हणून स्थिरावू लागले.

तो काळ मोठा कठीण होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत गाठीच्या प्लेगचा शिरकाव झाला आणि पाहता पाहता तो इलाखाभर पसरला. १८९९ मध्ये पावसाने पाठ फिरवली. विक्रम संवत १९५६ चा तो भीषण ‘छप्पनिया’ दुष्काळ होय. गुजरात व मारवाडातून महाराष्ट्रात आलेल्या घराण्यांना हे नाव अपरिचित नाही. गोध्रा ज्या पंचमहालात आहे, त्या मुलखाला दुष्काळाची फार मोठी झळ बसली. शतक संपता संपता गोध्र्यातील प्लेगने फाळके यांची पत्नी आणि मूल, दोघांनाही हिरावून नेले. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांचे घर रिकामे झाले.

फाळके बडोद्यास परतले. गाव सुटले, संसार मोडला. कॅमेरा मात्र त्यांनी सोडला नाही. त्यांनी बडोद्यात पुन्हा छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. पण तेथे निराळेच संकट उभे होते. छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती शोषली जाते, आयुष्य घटते, असा समज लोकांत पसरला होता आणि गिऱ्हाईक फिरकेना. ज्याच्या घरातील माणसे मृत्यूने नेली होती, त्यालाच लोकांना सांगावे लागत होते की हे यंत्र आयुष्य नेत नाही, उलट गेलेल्याचे रूप राखून ठेवते. हे सांगताना त्यांचे अंतःकरण किती पिळवटले असेल, याची कल्पना सहृदय वाचकाने करावी.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे संयमाचे काम. काचेच्या पाटीवर प्रकाश घ्यावयाचा, अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याच्या मंद उजेडात ती पाटी रसायनात बुडवावयाची आणि कोऱ्या काचेवर हळूहळू आकार उमटेपर्यंत नजर ढळू द्यावयाची नाही. घाई केली की पाटी वाया जाते, लक्ष उडाले तरी वाया जाते. शोकाने विखुरलेल्या मनाला एका ठिकाणी बसविण्याचे सामर्थ्य अशा कामात असते. दुःख त्याने नाहीसे होत नाही, पण हातांना काम मिळाले की दिवस ढकलण्याचे बळ येते.

पोटासाठी फाळके यांनी नाटकांचे पडदे रंगविले, ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पुढे ज्यांनी दागिने गहाण ठेवण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत पतीला साथ दिली, त्या या सरस्वतीबाई होत. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांना नोकरी मिळाली.

१९१२ मध्ये इंग्लंडहून चित्रपटाचा कॅमेरा आणल्यावर प्रयोगादाखल त्यांनी काय टिपले? कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ! रोज थोडे थोडे चित्रण करून बीज रुजण्यापासून वेल होईपर्यंतची कथा त्यांनी काही क्षणांत डोळ्यांपुढे उभी केली. ज्याने घरात प्लेगचे थैमान पाहिले, त्याच्या पहिल्या चित्रपटाचा विषय अंकुर असावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

संकटानंतर छायाचित्राकडे वळणारे मन एकट्या फाळके यांचे नव्हे. ११ मार्च २०११ च्या सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी चिखलातून लाखो छायाचित्रे वेचली, एकेक धुऊन वाळविली आणि ज्याची त्याला परत करण्यासाठी मांडून ठेवली. घरदार गमावलेली माणसे त्या ढिगाऱ्यांत आपल्या मुलाबाळांचे चेहरे शोधीत होती. नाशिककरांना हे वेगळे सांगावयास नको. १९६९, २००८ आणि २०१६ चे गोदावरीचे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना ठाऊक आहे की दुकानातला भिजलेला माल पुन्हा भरता येतो, पण भिजलेला आल्बम बाजारात मिळत नाही. असा आल्बम हाती आल्यास चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ती अलगद सुटू द्यावीत आणि सावलीत, चित्राची बाजू वर ठेवून वाळवावीत.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेबांनी नाशकातच देह ठेवला. त्यांच्या चित्रपटांचा गौरव उदंड झाला आणि तो यथार्थच आहे. परंतु प्लेगने रिकाम्या केलेल्या घरातून बाहेर पडताना जो तरुण कॅमेरा हातात धरून ठेवतो, त्याचे धैर्यही तितकेच वंदनीय आहे. आपापल्या घरातील जुन्या छायाचित्रांमागे नावे आणि साल लिहून ठेवावे, ती उंचावरच्या कपाटात सांभाळावीत आणि नातवंडांना ती दाखवून त्यांतील माणसांची ओळख करून द्यावी. या छायाचित्रकाराला त्याच्याच गावाने वाहिलेली ती साधी आदरांजली ठरेल.